हातभर जहाज



दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला केला नाही असा मनुष्य आपल्याकडे शोधूनच काढावा लागेल. त्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, दरवाजातून महाराजांचा घोडा आत जाऊ शकत नाही, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. वाटूही नये. पण तोच मनुष्य साठी उलटल्यावर पुन्हा अशा कामाला बसला, की फूटपट्टी घेऊन बसतो. मावळा केवढा आणि बुरूज केवढा, हा प्रश्न आता त्याला सतावतो. आज बोलायचे आहे ते ह्या दुसऱ्या बैठकीविषयी.

मी राहतो नवी मुंबईत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, माणसे पलीकडून अलीकडे राहायला आली, जन्मभर लोकलने कामाला गेली आणि आता घरी बसली आहेत. त्यांतलाच मी एक. बैठकीच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, त्यावर एक पेटी. पेटीत प्लास्टिकचे शेदोनशे तुकडे, ते जोडण्याचा नकाशा. शिवाय चिकटवायचे द्रावण, कानस, पॉलिश कागद आणि रंगाच्या बुटकुल्या. तुकडे नीट जोडले की हुबेहूब जहाज तयार होते. पहिल्या जहाजाच्या दोन्ही कुशी मी घाईने चिकटवून टाकल्या, आणि मग ध्यानात आले की पंख्याचा दांडा आतच बसवायचा राहिला! "काय हो काका, नातवाचं खेळणं घेऊन बसलात काय?" असे शेजारी विचारतात. नातू विचारत नाही. त्याला हे काम फार सावकाश वाटते.

हे खेळणे नव्हे, हे प्रमाणावरून कळते. इंग्लंडमध्ये १९३२ च्या सुमारास विमानांच्या लाकडी प्रतिकृतींचे संच निघाले, ते एकास बहात्तर ह्या प्रमाणात. बहात्तरच का? तर एक इंच म्हणजे सहा फूट. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो; हिशेब तोंडी करता येतो. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना शिकवण्यासाठी अशा प्रतिकृती कामी आल्या. पुढे १९५२ पासून एअरफिक्स कंपनीने प्लास्टिकचे स्वस्त संच काढले आणि हा छंद घरोघर गेला. जपानातील शिझुओका गावच्या कारखानदारांनी १९७१ साली एकास सातशे प्रमाणात युद्धनौकांची मालिका सुरू केली. त्यात पाण्याखालचा भाग नसतोच. टेबल हाच समुद्र.

आता शिक्षक बंधू-भगिनींनी एक उदाहरण फळ्यावर घालून पाहावे. आपली जुनी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका ७०० फूट लांब होती. एकास सातशेने ती किती झाली? बरोबर एक फूट. ही नौका १९६१ साली आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, १९९७ साली निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली ती भंगारात निघाली आणि आमच्या समोरच्याच तीरावर, दारूखान्यात, तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला. (२०२२ साली नौदलात आली ती नवी 'विक्रांत', ती वेगळी.) जुनी आता कोठे पाहायची? छायाचित्रांत, आणि कोणी मोजून केलेल्या त्या फूटभर नौकेत. मात्र आराखडा उपलब्ध आहे म्हणूनच ती करता येते, हे विसरू नये.

आणि येथेच माझे घोडे अडले. पेट्या संपल्यावर मनात आले, परक्यांची जहाजे पुष्कळ झाली, आता कान्होजी आंग्र्यांची गुराब करू. करायला घेतली आणि हात थांबले. गुराब किती लांब? नाळ किती पुढे आलेली? डोलकाठी कोठे रोवलेली? ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने वर्णन दिले आहे: दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत, लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, नाळेच्या अंगाला समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबते त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी. वर्णन चांगले आहे. पण वर्णन म्हणजे माप नव्हे. कुशीचा बाक शब्दांतून काढता येत नाही.

मग ती आरमारे गेली कोठे? फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली विजयदुर्गावर चालून आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तोफांच्या माऱ्यात बंदरातील एका जहाजाने पेट घेतला. ते जहाज मुळात आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच धरून आणलेले. त्यावरून आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. आपल्याच किनाऱ्याचे आरमार बुडवायला पेशव्यांनी परक्याला साह्य द्यावे, ह्याचे समर्थन करणारे आहेत; मला ते कधी पटले नाही. असो. बांधणारे सुतार बंदराबंदरांत होतेच, पण त्यांची विद्या डोळ्यांत आणि हातांत होती. जहाज जळाले, पुढे मागणी संपली, आणि हातांबरोबर विद्याही गेली.

ह्याच्या उलट मुंबई गोदीचे पाहा. सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजे बांधली. इंग्रजी नौदलाची शिस्त अशी की आराखडा आधी, जहाज मागून; आणि आराखडा दप्तरी जपून ठेवायचा. वाडियांनी १८१७ साली पाण्यात लोटलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकूड आपले, कारागीर आपले. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी दीडशे फूट. एकास बहात्तरने करायची तर सुमारे पंचवीस इंच. हे मी येथे घरबसल्या सांगू शकतो. गुराबेविषयी नाही सांगू शकत.

म्हातारपणी हे काम हाती घेणारांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक फ्रेंच दर्यावर्दी, एदमों पारी. जन्म १८०६. तरुणपणी नौदलातून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता जेथे नांगर पडे तेथे हा किनाऱ्यावर उतरे आणि तेथल्या होड्या मोजून कागदावर घेई. मोठमोठ्या जहाजांकडे सारेच पाहतात. हा पाही कोळ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावांकडे. त्याचा मोठा ग्रंथ १८४० नंतरच्या पहिल्या वर्षांत निघाला. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याची पत्तेमारीही आहे, मापांसकट. हिंदुस्थानच्या एका सफरीत, कारखाना पाहताना, यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला. तरी चित्रे काढणे सुटले नाही. ॲडमिरल झाला, निवृत्तीच्या वयाला आला, आणि १८७१ मध्ये पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातील नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाला. वय पासष्ट. जुन्या मापवह्या काढून त्याने कारागिरांकडून एकेका होडीची प्रतिकृती करवून घेतली, ती थेट १८९३ मध्ये मरेपर्यंत. ज्या किनाऱ्यांवर त्या होड्या होत्या, तेथे पुष्कळ ठिकाणी त्या आता नाहीत, पॅरिसमध्ये आहेत.

आमच्या खाडीवर दिवाळे, सारसोळे, करावे ही कोळी-आगरी गावे शहराच्या पोटात अजून आहेत. लाकडी होडी जाऊन तिच्या जागी फायबरची येते आहे. कोळ्याला दोष देता येत नाही; लाकूड महाग, सुतार मिळत नाही, फायबरला दरसाल डागडुजी कमी. पण एखादी लाकडी होडी किनाऱ्यावर पालथी पडलेली दिसते, आणि मला विजयदुर्गाची आठवण होते. येथे आग लागलेली नाही, एवढाच फरक.

तेव्हा मी पेट्यांचे काम बाजूला ठेवले आहे आणि होडी मोजतो आहे. खेडोपाडी किनाऱ्यावर, नदीकाठी असलेल्या मंडळींना हे सहज जमेल. पावसाळ्यात पुष्कळ होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा जावे. मालकाची परवानगी घ्यावी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणावी, तिच्यावर दर फुटाला खूण करावी. प्रत्येक खुणेशी ओळंबा सोडून तळ किती खोल आणि कूस किती रुंद हे टिपावे. होडीच्या कण्याला किनाऱ्यावर पठाण म्हणतात. त्याची जाडी स्वतंत्र घ्यावी. एकास वीस प्रमाण धरले, तर वीस फुटांची होडी एक फुटाची होते, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढी. सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवायला ह्याहून बरे साधन मला ठाऊक नाही. मापे आलेखाच्या कागदावर उतरवून पुठ्ठ्याचे आडवे छेद कापावेत, ते कण्यावर उभे करावेत आणि वरून पातळ पट्ट्या चढवाव्यात. आमच्या वयाच्या लोकांनी एका बैठकीस अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. उजेड खिडकीचा असावा, हाताशी भिंग असावे. बोट कापते, कापू द्यावे. पट्टी सुकेपर्यंत टाचणी धरते.

शेवटी पाटाच्या खालच्या अंगाला एक चिठ्ठी डकवावी: होडी कोणत्या गावची, कोणी बांधली, लाकूड कोणते, साल कोणते. मालकाला विचारले तर तो बहुधा म्हणेल, "बापानं बांधून घेतली, साल काय ठाव नाय." मग चिठ्ठीवर तसेच लिहावे: साल ठाऊक नाही. मोजल्याची तारीख मात्र घालावी.