सिद्दींचें शिकारवन

वन राखणारा हात वनावर प्रेम करणाराच असतो, असें नाहीं. बेलवलीहून पनवेल, अलिबाग अशा वाटेनें मुरूडकडे जाऊन आम्हीं फणसाडचें अरण्य पाहिलें, तेव्हां हा विचार आमच्या मनांत वारंवार येऊं लागला. हें अरण्य एके काळीं जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचें राखीव शिकारवन होतें.

मृगयेचा राजांना छंद फार जुना. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत तिचें सविस्तर वर्णन आहे. इंग्लंडांत विल्यम राजानें १०७९ च्या सुमारास 'न्यू फॉरेस्ट' आपल्या शिकारीकरितां राखून ठेवलें. अशा वनांत श्वापदें राजाकरितां राखावयाचीं, म्हणून प्रजेच्या कुऱ्हाडीस व भाल्यास तेथें मज्जाव. रान टिकलें खरें, परंतु त्याचें मोल मोळीविक्यानें व गुराख्यानें दिलें, हें इतिहासानें विसरूं नये.

१९४८ सालीं जंजिरा संस्थान विलीन झालें आणि १९८६ सालीं फणसाड अभयारण्य जाहीर झालें. सुमारें ७० चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशांत ऐन, किंजळ व अंजनी यांची दाटी आहे. गारंबीच्या अजस्र वेलींना हातभराहून लांब शेंगा लोंबतात, आणि माथ्यावरून शेकरूं झेप घेतें. येथील पाणवठ्यांस 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यांत इतरत्र पाणी आटलें कीं जनावरें गाणीवर येतात. शिकाऱ्यानें जेथें दबा धरावा, तेथेंच आज पाहुण्यानें निःशब्द बसावयाचें असतें.

या वनांत गिधाडेंही आहेत, आणि त्यांची कथा निराळी आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस भारतभर गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं, तीं कोणाच्या बंदुकीनें नव्हे. दुखणाइत गुरांस दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून त्यांच्या पोटांत गेलें व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. गुरांसाठीं त्या औषधाच्या वापरावर २००६ सालीं बंदी आली.

येथें जुन्या व नव्या राखणींतील भेद स्पष्ट होतो. नबाबाचा धाक वनाच्या सीमेपर्यंत पुरे. त्याला हवें होतें तें सीमेच्या आंतच होतें. गिधाड मात्र सीमा जाणत नाहीं. त्याचें जीवित दूरच्या गांवांतील गोठ्यावर अवलंबून आहे, आणि तेथें पहारा बसवितां येत नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजांस असल्या वनाबाहेर ठेवलें होतें, त्याच्याच समजुतीवर आज या वनाचें रक्षण उभें आहे. त्याला बरोबर घेतल्यावांचून फणसाड लोकांचें झालें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.