इचूका
इचूका : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील, मरे नदीच्या दक्षिण तीरावरचे ऐतिहासिक बंदर. लोकसंख्या सु. १५,००० (२०२१). ते मेलबर्नच्या उत्तरेस सु. २१० किमी. असून कँपॅस्पी नदी येथे मरेला मिळते. पलीकडच्या तीरावरील मोआमा हे जुळे गाव न्यू साउथ वेल्समध्ये मोडते. हा यॉर्टा यॉर्टा या मूळ रहिवाशांचा प्रदेश. ते मरेला धुंगाला म्हणतात. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पुलाला तेच नाव दिले आहे.

मेलबर्नहून मरेचा सर्वांत जवळचा काठ इथला, आणि शहराचे भाग्य त्यावरच उभे राहिले. शिक्षा भोगून सुटलेल्या हेन्री हॉपवुडने १८५० च्या दशकात येथे नदी ओलांडण्यासाठी तर सुरू केली, पुढे हॉटेल काढले. १८६४ मध्ये बेंडिगोकडून रेल्वे आली. मग डार्लिंग आणि मरंबिजी नद्यांच्या काठची लोकर आगबोटींनी इथे उतरू लागली व रेल्वेने मेलबर्नला जाऊ लागली. १८७०–८० च्या सुमारास हे देशातील सर्वांत मोठे नदीबंदर होते.

धक्का ही येथील खरी पाहण्याजोगी वस्तू. १८६५ पासून वाढवत नेलेला हा धक्का ऐन भरात सु. ३३० मी. लांब होता. उन्हाळ्यातले पाणी आणि वसंतातला पूर यांत कित्येक मीटरांचा फरक पडे. म्हणून तो मजल्यामजल्यांचा बांधला, म्हणजे पाणी कुठेही असो, बोट लागे. वरून पाहून परत फिरू नये. पायऱ्या उतरून खालच्या मजल्यावर गेले, की रेड गम या निलगिरीच्या जातीतील झाडाचे जाडजूड खांब आणि तुळया यांच्यामधून नदी दिसते, आणि सुतारांच्या कामाचा आवाका तेव्हाच उमगतो. हे लाकूड इतके जड, की ओंडका पाण्यात बुडतो. त्यामुळे ओंडके पडावांच्या दोन्ही बाजूंना टांगून आणीत. बोटींच्या भट्ट्यांतही कोळसा नव्हे, हेच लाकूड जळे.

पुढे इतरत्र पोचलेल्या रेल्वेनेच मालवाहतूक हिरावली, १८९० च्या दशकातील मंदीने आणि दुष्काळांनी उरलेले संपवले. १९४४ मध्ये मेलबर्नला जळण पुरवण्यासाठी धक्क्याचा बराच भाग तोडला गेला. ही हानी भरून येण्यासारखी नव्हती. उरलेला भाग दुरुस्त करून जपला असून २००७ पासून तो राष्ट्रीय वारसा यादीत आहे.

आगबोटी मात्र आजही वाफेवर चालतात. १८६६ ची ‘ॲडलेड’ ही लाकडी सांगाड्याची, अजून चालती असलेली जगातील सर्वांत जुनी चाकांची आगबोट मानली जाते. १९११ ची ‘पेव्हेन्सी’ मोआमात बांधली गेली. फेरीला बसावे ते इंजिनाजवळ: खलाशी भट्टीचे दार उघडून ओंडका सारतो, दांडे पुढेमागे होतात आणि दोन्ही बाजूंची चाके पाणी मागे लोटतात. दोन राज्यांची सीमा दक्षिण काठावर असल्याने बोट सुटताच प्रवासी न्यू साउथ वेल्समध्ये शिरतो. १९०१ मध्ये संघराज्य होईपर्यंत या सीमेवर जकात भरावी लागे. जुने जकातघर अजून उभे आहे.

पूर्वेस बार्मा येथे रेड गमचे विस्तीर्ण अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले आहे. मुक्कामाला आणखी एक दिवस काढून तेही पाहावे.