रायगडावरील ओसाडी

रायगड पाहावयास जाणाऱ्यांची आतां वाण नाहीं. १९९६ सालीं रज्जुमार्ग झाल्यापासून सुमारें दीड हजार पायऱ्यांचे श्रमहि टाळतां येतात. २०२५ सालीं बारा किल्ल्यांच्या समूहांत या गडाची जागतिक वारशांत गणना झाली. वर पोंचल्यावर मात्र पुष्कळांचा विरस होतो. राजधानी म्हणावी, आणि दिसतात केवळ जोतीं! मग वाटाड्या पुढें सरतो आणि समोरासमोरच्या दोन रांगांतील उंच जोत्यांकडे बोट दाखवून सांगतो कीं, येथें घोड्यावर बसूनच सौदा होत असे. ऐकणारा खूष होतो. वस्तुतः ती बाजारपेठ होती कीं नाहीं, येथूनच अभ्यासकांत मतभेद आहेत.

आमच्या मतें ही ओसाडीच गडावरील सर्वांत बोलका पुरावा होय. १६७४ सालीं जेथें राज्याभिषेक झाला, तेथील वाड्यांचीं जोतीं दगडी होतीं. खांब, तुळया, छपरें मात्र लांकडी. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं गडाला वेढा घालून समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळीं गडावरच होत्या. आग लागली, वाडे जळाले, आणि १० मे रोजीं गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दगड तेवढा उरला. जगदीश्वराचें दगडी देऊळ आजहि उभें आहे. घोड्यावरील सौद्याची कथा आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकली. त्या दहा मेचा उल्लेख एकाच्याहि तोंडून नाहीं.