फॉरमॅटनंतर उरलेले : अर्धवट फाइलींचा शोध आणि माण-हिंजवडीचा पट्टा

मुळशी तालुक्यातील माण हे गाव आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या विस्तारित टप्प्यांसाठी आणि माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गिकेच्या डेपोसाठी ओळखले जाते. या गावापासून पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या पट्ट्याचा इतिहास लिहिताना भूसंपादन, कारखाने, रोजगार आणि रस्ते यांची नोंद आवर्जून होते. परंतु याच पट्ट्यातील कार्यालये, स्टुडिओ आणि लहान कारखाने यांच्या संगणकांतून नाहीसे झालेले हिशेब, आराखडे व छायाचित्रे परत मिळवून देणाऱ्या कसबाकडे इतिहासलेखकांचे लक्ष सहसा जात नाही. या कसबातील सर्वांत जुना आणि अजूनही पूर्णपणे न सुटलेला प्रश्न असा, की चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधून फाइली परत आल्या तरी त्यांतील बऱ्याचशा अर्धवट का येतात. फाइल मांडून ठेवण्याच्या ज्या पद्धती १९७७ पासून पुढील काही दशकांत ठरल्या, त्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

हार्ड डिस्कवरील माहिती ठरावीक आकाराच्या लहान तुकड्यांत लिहिली जाते. या तुकड्यांना सेक्टर म्हणतात आणि अशा काही सेक्टरांचा मिळून एक क्लस्टर होतो. एखादी फाइल कोणकोणत्या क्लस्टरांत आहे, तिचे नाव काय आणि आकार किती, याची नोंद डिस्कच्या वेगळ्या भागात, म्हणजे सूचीत ठेवलेली असते. झटपट फॉरमॅट करताना ही सूची नव्याने कोरी लिहिली जाते, मजकूर असलेले क्लस्टर मात्र बहुतांशी जागच्या जागी राहतात. तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा आणि फेरफार नोंदी जळाल्या तरी शिवारातील जमीन हलत नाही, पण कोणता तुकडा कोणाच्या खात्याचा हे सांगता येईनासे होते, तशीच ही अवस्था असते. पुनर्प्राप्तीचे सारे शास्त्र सूचीच्या या नुकसानीशी झगडत वाढले आहे. अर्धवटपणाचे मूळही बहुतेक वेळा तेथेच असते, जरी गिऱ्हाईक आणि कित्येकदा कारागीरही त्याचा दोष डिस्कला किंवा सॉफ्टवेअरला देत आला.

घरगुती व लहान कार्यालयीन संगणकांत दीर्घकाळ वापरली गेलेली फॅट ही मांडणी मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये तयार केली. फॅट हा एक तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक क्लस्टरसमोर त्याच फाइलचा पुढचा क्लस्टर कोणता हे लिहिलेले असते, त्यामुळे फाइल म्हणजे दुव्यामागून दुवा अशी साखळी होते. फाइल खोडली की डिरेक्टरीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि तक्त्यातील साखळी शून्य होते. फाइल कोठे सुरू होत होती व तिचा आकार किती होता एवढेच मागे उरते. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये खोडलेली फाइल परत आणणारे साधन बाजारात आणले, तेव्हा अशा साधनांपुढचा व्यवहार्य मार्ग म्हणजे फाइलचे सर्व तुकडे सलग पडले आहेत असे गृहीत धरणे हा होता. फाइल खरोखरच सलग असली तर ती जशीच्या तशी मिळे. तुकडे विखुरलेले असले तर पहिला भाग बरोबर आणि पुढचा भाग दुसऱ्याच कोणत्या तरी फाइलचा, असे मिश्रण हाती येई. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये अनडिलीट, मिरर आणि अनफॉरमॅट या आज्ञा आल्या. त्यांपैकी मिरर ही सूचीची प्रत आधीच काढून ठेवत असे आणि अनफॉरमॅट त्या प्रतीच्या आधारे डिस्क पूर्ववत करण्याचा प्रयत्न करी. प्रत काढल्यानंतर काही नवे लिहिले गेले असेल, तर परत आलेली सूची जुनी आणि मजकूर नवा अशी फारकत पडत असे.

पुणे परिसरात हे ज्ञान पुस्तकांपेक्षा दुरुस्तीच्या टेबलावरून अधिक पसरले. कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या लहानशा दुकानातून सुरुवात केली, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकताना व्हायरस काढून टाकणारी साधने लिहिली आणि त्यातून पुढे क्विक हील या नावाने ओळखली जाणारी कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या कामातून सॉफ्टवेअरच्या निर्मितीकडे झालेला हा प्रवास या पट्ट्याच्या इतिहासात इन्फोटेक पार्कमधील काचेच्या इमारतींइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. त्या काळातील व्हायरस केवळ संगणक मंद करत नसत, ते डिस्कची सूचीच उद्ध्वस्त करत. मायकेलअँजेलो हा व्हायरस ६ मार्च या तारखेला जागा होऊन डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरांवर निरर्थक मजकूर लिहीत असे.

याहून मोठा आघात २६ एप्रिल १९९९ रोजी झाला. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या आणि चेर्नोबिल या नावाने ओळखल्या गेलेल्या सीआयएच व्हायरसने त्या दिवशी भारतासह आशियातील अनेक देशांत असंख्य डिस्कांच्या सुरुवातीच्या एक मेगाबाइट भागावर शून्ये लिहिली. या घटनेने पुनर्प्राप्तीचा एक मोठा धडा दिला, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. फॅट तक्त्याच्या डिस्कवर लागोपाठ दोन प्रती असतात. जुन्या फॅट१६ मांडणीत एक प्रत जास्तीत जास्त १२८ किलोबाइटची असल्याने दोन्ही प्रती आणि मुख्य डिरेक्टरी त्या एका मेगाबाइटच्या आतच संपत, त्यामुळे पहिल्या विभागाची सूची समूळ जाई आणि फाइलींचे तुकडे जोडण्याचा आधारच नष्ट होई. १९९६ मध्ये आलेल्या फॅट३२ मांडणीत मात्र चार गिगाबाइटच्या विभागात चार किलोबाइटचे सुमारे साडेदहा लाख क्लस्टर होतात आणि प्रत्येकासाठी चार बाइट धरले तर तक्त्याची एकच प्रत चार मेगाबाइटची भरते. व्हायरसने त्यातील पहिल्या प्रतीचा केवळ आरंभ खाल्लेला असे. दुसरी प्रत अखंड राही. ही गोष्ट ओळखून अमेरिकेत स्टीव्ह गिब्सन यांनी आणि ढाक्यात मोनिरुल इस्लाम शरीफ या विद्यार्थ्याने दुरुस्तीची साधने तयार केली. एकाच व्हायरसने पछाडलेल्या दोन संगणकांपैकी एकाची सारी माहिती परत यावी आणि दुसऱ्याची तुकड्या-तुकड्यांनी यावी, यात नशिबाचा भाग नव्हता. दोहोंच्या सूचीची लांबी वेगळी होती.

याच काळात एक रिवाज रूढ झाला, आणि तो आजच्या कित्येक अर्धवट फाइलींना जबाबदार आहे. संगणक मंदावला किंवा व्हायरस लागला की "फॉरमॅट मारून" विंडोज पुन्हा टाकणे हा दुरुस्तीचा सर्वमान्य उपाय ठरला आणि त्याच्या जोडीला डिस्कचे विभाग पाडून कामाची माहिती डी ड्राइव्हमध्ये ठेवण्याची सवय गावोगावच्या दुकानदारांनी गिऱ्हाइकांना लावली. ही सवय शहाणपणाचीच होती. तथापि डेस्कटॉपवर आणि माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले सर्व काही सी ड्राइव्हवर असते हे बहुसंख्य वापरकर्त्यांना ठाऊक नसे, आणि फॉरमॅटनंतर लगेच विंडोज टाकल्यामुळे सूचीच्या नुकसानीवर मजकुराच्या नुकसानीची भर पडे. नव्याने लिहिलेल्या काही गिगाबाइटांखाली ज्या फाइलींचे काही क्लस्टर दडपले गेले, त्या कोणत्याही साधनाने पूर्ण येऊ शकत नाहीत. एकाच फाइलचा आरंभ शाबूत आणि मध्य नाहीसा, अशी अवस्था बहुधा या पुनर्लेखनातून येते.

विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएस मांडणीने परिस्थिती पुष्कळ सुधारली. तिच्यात प्रत्येक फाइलची स्वतंत्र नोंद एका मुख्य फाइल-तक्त्यात असते आणि फाइलचे तुकडे कोठून कोठवर पसरले आहेत हे त्या नोंदीतच लिहिलेले असते. अगदी लहान फाइलींचा तर मजकूरही नोंदीच्या आत मावतो. पुन्हा एनटीएफएसनेच फॉरमॅट केल्यास नवा तक्ता जुन्या तक्त्याच्या सुरुवातीच्या नोंदींवर बसतो, पण उरलेल्या नोंदी वाचून विखुरलेली फाइलसुद्धा नावासकट जोडता येते. म्हणून एखाद्या साधनाने शेकडो फाइली नावानिशी दाखवल्या आणि आणखी शेकडो फाइली निव्वळ क्रमांक देऊन एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या, तर पहिल्या नोंदींवरून आल्या आहेत आणि दुसऱ्या केवळ खुणेवरून शोधल्या आहेत, हा भेद लक्षात घ्यावा लागतो.

खुणेवरून शोधण्याच्या पद्धतीला फाइल कार्व्हिंग म्हणतात. सूची पूर्णपणे बाजूला ठेवून डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायचा आणि फाइलच्या प्रकाराची ठरलेली सुरुवात दिसली की तेथून पुढचा भाग उचलायचा, असे तिचे स्वरूप आहे. फोरमोस्ट, क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे फोटोरेक आणि २००५ मधील स्कॅल्पेल ही या घराण्यातील प्रसिद्ध साधने होत. अमेरिकन संशोधक सिमसन गारफिंकेल यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या शेकडो डिस्कांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवून दिले, की एकूण फाइलींपैकी थोड्याच विखुरलेल्या असल्या तरी छायाचित्रे, वर्डच्या फाइली आणि विशेषतः आउटलुकचा पत्रसंग्रह यांत विखुरलेपणाचे प्रमाण बरेच अधिक असते. अर्थात ज्या फाइली माणसाला परत हव्या असतात, त्याच या पद्धतीने अपुऱ्या येण्याची शक्यता जास्त.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील उद्योगांच्या फाइलींना ही अडचण नेमकी कोठे भिडते, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा कोड मध्यवर्ती सर्व्हरवर आणि अनेक प्रतींत असतो, त्यामुळे एका डिस्कच्या जाण्याने तेथे काम अडत नाही. खरी झळ वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या टूलरूमला, हिशेबनिसाला आणि लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओला बसते. ऑटोकॅडच्या आराखड्याची फाइल आवृत्तीच्या खुणेने सुरू होते, उदाहरणार्थ ऑटोकॅड २००० साठी एसी१०१५, परंतु ती कोठे संपते हे शेवटच्या एखाद्या ठळक खुणेवरून ठरवता येत नाही. टॅलीमध्ये एका कंपनीचा हिशेब अनेक फाइलींनी मिळून बनतो, म्हणून त्यांतील मॅनेजर.९०० सारखी एक फाइल न मिळाल्यास बाकीच्या मिळूनही खाते उघडत नाही. अलीकडच्या वर्डची डॉकएक्स फाइल ही मुळात झिप असून तिची अंतर्गत सूची शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली फाइल आतला बहुतेक मजकूर शाबूत असतानाही उघडण्यास नकार देते. अशा वेळी झिप दुरुस्त करणाऱ्या साधनाने मजकूर बाहेर काढता येतो, आणि ही पायरी न करताच फाइल टाकून दिली जाते ही खेदाची बाब आहे. कॅमेऱ्यातील एमपी४ चित्रफितीतही चित्रांचा अनुक्रम सांगणारा भाग पुष्कळदा शेवटी लिहिला जातो. तो हरवला तर त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या दुसऱ्या अखंड फितीच्या आधारे तो पुन्हा रचावा लागतो. जेपीईजी छायाचित्र वरून अर्धे दिसून खाली करडे पडते, तेव्हा त्याचा पुढचा क्लस्टर दुसरीकडे असतो किंवा पुसलेला असतो.

मराठी मजकुराची यात आणखी एक वेगळी कहाणी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्यातील छापखाने, नियतकालिके आणि कार्यालये श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींवर काम करत आणि त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवलेली असत. अशा फाइलीचा तुकडा डिस्कवर सापडला तरी तो निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, आणि मूळ फॉन्टची ओळख पटल्याशिवाय तो मराठी आहे हेही कळत नाही. याउलट युनिकोडच्या १६-बिटी रूपात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या जोडीला ०९ हा बाइट येत असल्याने कोऱ्या ठरलेल्या जागेतूनही मराठी परिच्छेद वेचता येतो. नाव, तारीख आणि क्रम हरवलेले असे तुकडे लावण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा चांद्र तारीख असलेल्या पण वर्ष नसलेल्या मोडी पत्रांचा काळ आतील उल्लेखांवरून ठरवावा लागला होता. फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून आलेल्या बेनामी फाइलींचा क्रमही छायाचित्रातील कॅमेऱ्याची नोंद, बिलावरील तारीख किंवा आराखड्याचा आवृत्ती क्रमांक पाहूनच लागतो, आणि हे काम विषय जाणणाऱ्या माणसानेच करावे लागते.

अपुऱ्या निकालाचे निदान करणाऱ्या जाणत्या कारागिरांनी या अनुभवांतून एक क्रम स्वीकारला आहे. मूळ डिस्कवर काहीही न लिहिता आधी तिची सेक्टरागणिक प्रत, म्हणजे इमेज, काढली जाते आणि वाचनात अडथळे येत असतील तर जीएनयू डीडीरेस्क्यूसारखे साधन न वाचलेल्या जागांची यादी ठेवत त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते. त्यानंतरच पूर्वीची मांडणी कोणती होती हे ठरवून सूचीवरून आणि शेवटी खुणेवरून शोध होतो. परत आलेली फाइल त्याच डिस्कवर उतरवणे हा या व्यवसायातील सर्वांत महाग पडणारा प्रमाद आहे, कारण उतरवलेली पहिली फाइल न सापडलेल्या दुसऱ्या फाइलवर बसू शकते. न्यायालयीन कामात या काटेकोरपणाला कायद्याचे बळही मिळाले असून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली ओळखखूण, नमूद करावी लागते.

या कसबाची मर्यादा मात्र गेल्या दोन दशकांत आकसत गेली आहे. विंडोज व्हिस्टापासून झटपट पर्याय न निवडता केलेले फॉरमॅट संपूर्ण विभागावर शून्ये लिहू लागले, त्यामुळे त्यापूर्वीच्या काळी पूर्ण फॉरमॅटनंतरही जे मिळे ते आता मिळत नाही. २००९ मधील विंडोज ७ ने एसएसडीसाठी ट्रिम ही आज्ञा वापरात आणली; मोकळ्या झालेल्या जागा कोणत्या हे ती डिस्कच्या नियंत्रकाला कळवते आणि नियंत्रक त्या आपल्या सोयीने आतून पुसून टाकतो. फिरत्या तबकडीवर फॉरमॅटनंतर वर्षानुवर्षे पडून राहणारा मजकूर अशा डिस्कवर संगणक केवळ चालू ठेवल्यानेही काही मिनिटांत जाऊ शकतो. तबकडीच्या काळात कारागिराचा पहिला सल्ला डिस्कवर काही लिहू नका असा असे. एसएसडी हाती आल्यावर तो विद्युतपुरवठा ताबडतोब बंद करा असा झाला आहे.