संकलित ध्वनिमुद्रिका : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख, नाणी व मौखिक परंपरा या साधनांची चर्चा विपुल झाली आहे. त्या तुलनेत विसाव्या शतकातील ध्वनिमुद्रिका व कॅसेट यांकडे अभ्यासकांचे लक्ष अल्पच गेले. संकलित ध्वनिमुद्रिका, म्हणजे पूर्वी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या रचना एकत्र करून काढलेली तबकडी, ही तर केवळ व्यापारी वस्तू मानली जाते. प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील एक इलेक्ट्रॉनिक पॉप वाद्यवृंद आणि मुंबईतील एक वादक यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या आधारे, संकलन हे इतिहास कसा घडवते व संकलनाचा अभाव तो कसा पुसून टाकतो, याचा विचार केला आहे.

संकलन हेच इतिहासलेखन :
मँचेस्टर शहरात 1980 साली ‘न्यू ऑर्डर’ हा वाद्यवृंद उदयास आला. ‘जॉय डिव्हिजन’ या पूर्वीच्या वृंदाचा गायक इयन कर्टिस याच्या मृत्यूनंतर उरलेल्या सहकाऱ्यांनी तो स्थापन केला व हळूहळू सिंथेसायझर आणि ताल-यंत्रे यांचा स्वीकार केला. 1983 सालची ‘ब्ल्यू मंडे’ ही त्यांची बारा इंची तबकडी प्रचंड खपली. त्यांच्या अनेक प्रसिद्ध रचना मात्र अशा सुट्या तबकड्यांवरच होत्या. त्या त्यांच्या मूळ अल्बममध्ये नव्हत्या. 1987 साली फॅक्टरी रेकॉर्ड्सने त्या ‘सबस्टन्स’ या संकलनात एकत्र आणल्या. विखुरलेल्या कामाला त्यामुळे सलग चरित्र प्राप्त झाले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. या संकलनातील ‘टेम्प्टेशन’ व ‘कन्फ्यूजन’ या रचना मूळ स्वरूपात न देता 1987 मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. म्हणजे श्रोत्याला भूतकाळ म्हणून जे ऐकवले गेले, त्यातील काही भाग वर्तमानाने दुरुस्त केलेला होता. बखरकाराने जुना प्रसंग आपल्या काळाच्या भाषेत पुन्हा सांगावा, तसाच हा प्रकार होय. तेव्हा संकलन हे साधन म्हणून वापरताना मूळ प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

मुंबईतील दहा राग :
या पार्श्वभूमीवर चरणजित सिंग यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात त्यांनी अनेक संगीतकारांकडे वादक म्हणून काम केले. 1982 साली ग्रामोफोन कंपनीने त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. ‘कुर्बानी’ (1980) नंतर चित्रपटांत डिस्कोची लाट आली होती. त्या तालावर तबल्याविना राग वाजवावेत, अशी सिंग यांची साधी कल्पना होती. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ताल-यंत्र आणि टीबी-303 हे खर्जातील स्वरपंक्ती वाजविणारे यंत्र. या शेवटच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी घडवलेली ही सोय रागाच्या मींडेला जवळची ठरली, हे या प्रयोगाचे मर्म होय.

ही तबकडी एका अर्थाने रागांचे संकलनच आहे. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती एका बाजूस. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी दुसऱ्या बाजूस. ज्या भैरवीने मैफलीची सांगता होते, तिनेच येथे आरंभ होतो. प्रहरांचा क्रम व ऋतूचे बंधन दोन्ही बाजूस सारले गेले आहेत. विलंबितापासून द्रुतापर्यंतचा विस्तारही येथे नाही. ताल एकसारखा चालत राहतो.

तबकडीला त्या काळी फारसा प्रतिसाद मिळाला नाही. पुढे डच संग्राहक एडो बाउमन यांना ती गवसली आणि 2010 मध्ये नेदरलँड्समधून तिचे पुनःप्रकाशन झाले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने याच टीबी-303 वर घडवलेली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी 1987 ची असल्याने, ‘अ‍ॅसिड हाउस’ या संगीतप्रकाराचा जन्म मुंबईत झाला, असे उत्साहाने लिहिले गेले. हा निष्कर्ष घाईचा आहे. कालक्रमातील अग्रक्रम म्हणजे वंशसंबंध नव्हे. शिकागोतील वादकांनी सिंग यांची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारखा नाद निघाला, एवढेच सिद्ध होते. अभिमानापोटी पुराव्यापलीकडे जाणे हे त्या कलावंताच्या कार्यावरही अन्याय करणारे आहे. सिंग 2015 साली मुंबईत निवर्तले.

खरा प्रश्न वेगळाच आहे. न्यू ऑर्डरच्या कामाचे संकलन त्यांच्या हयातीत, त्यांच्याच नावाने निघाले. मुंबईतील वादकांचे काम मात्र संगीतकाराच्या व चित्रपटाच्या नावाखाली विखुरलेले राहिले. ज्याचे संकलन नाही, त्याचा इतिहास परक्या संग्राहकाच्या दृष्टीला पडण्याची वाट पाहतो.

प्रादेशिक संदर्भ :
1980 च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी संपली व प्रादेशिक भाषांतील संगीताला बाजार मिळाला, हे पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटक सीमेलगतचे गाव आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा जेथे कानी पडतात, अशा गावात घरोघरच्या जुन्या कॅसेट हे द्विभाषिक अभिरुचीचे थेट साधन ठरू शकते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून घराघरांतील दफ्तरे मिळवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. चुंबकीय फीत कागदापेक्षा अल्पायुषी असते. म्हणून येथे विलंबाला वाव नाही.

निष्कर्ष :
1. संकलन हे तटस्थ नसते. निवड, क्रम व फेरमुद्रण यांतून ते भूतकाळाचा अर्थ लावते.
2. अग्रक्रम व प्रभाव या दोन बाबी स्वतंत्र पुराव्याने सिद्ध कराव्या लागतात.
3. महाविद्यालयांतील इतिहास व भाषा विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपल्या परिसरातील कॅसेट व तबकड्यांची सूची करावी. वेष्टनावरील वादकांची नावे, भाषा, वर्ष व विक्रीचे ठिकाण एवढी नोंदही पुढील संशोधकास मोलाची ठरेल.