हळदीच्या उजेडात निवडलेला कॅमेरा

माणगाव तालुक्यात व्हिडिओ कॅमेरा निवडला गेला तो हळदीसाठी. लग्न दिवसाउजेडी मांडवात लागतं, तिथे कुठलाही कॅमेरा चालतो. हळद रात्रीची, अंगणात, दोन बल्बांच्या उजेडात, आणि वीज गेली तर गॅसबत्तीत. त्या उजेडात नवरीचा चेहरा ओळखू येईल का, हे आम्ही शूटिंगवाले दुकानात सगळ्यात आधी विचारायचो. बाकीची बटणं नंतर.

मी या धंद्यात आलो तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि कोकण रेल्वे माणगावपर्यंत पोचायची होती. कॅमेरा घ्यायचा तर मुंबई गाठायची आणि फोर्टातल्या बोरा बाजारात दुकानं पालथी घालायची. दुसरी वाट आखाताची. मोर्बा, गोरेगाव, म्हसळा या बाजूची पुष्कळ माणसं कुवेत-दुबईला कामाला. त्यांच्या सामानातून हॅंडीकॅम यायचे. आखातातला कॅमेरा बहुधा पाल पद्धतीचा, त्यामुळे इथल्या टीव्हीवर सरळ चाले. अमेरिकेहून कुणी आणला तर तो एनटीएससी निघे आणि इथे चित्र काळंपांढरं नाहीतर लोळणारं दिसे. कॅमेऱ्याच्या पाठीवरची ती अक्षरं वाचल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, हे पहिल्यांदा शिकायचं.

त्याआधी कॅमेरा वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा असे; रेकॉर्डर खांद्याला लटकवायचा आणि मध्ये केबल. सोनीने 1983 मध्ये दोन्ही एकत्र केले, पण त्या बीटामूव्हीवर फक्त रेकॉर्डिंग होई, घेतलेलं बघता येत नसे. 1985 मध्ये सोनीनेच आठ मिलिमीटरची छोटी कॅसेट आणली. छोटा कॅमेरा, चित्र चांगलं, तरी लग्नाच्या धंद्याने तो घेतला नाही. घेतला पॅनासॉनिकचा एम-7, पुढे एम-3500 आणि एम-9000, पूर्ण आकाराच्या व्हीएचएस कॅसेटचे. मला ही निवड आजही बरोबर वाटते. कॅमेऱ्यातून काढलेली कॅसेट थेट भाड्याच्या व्हीसीआरमध्ये जाई, आणि तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मावे. शिवाय जड कॅमेरा खांद्यावर बसला की चित्र हलत नाही. मुठीतला हलका कॅमेरा श्वासाबरोबरही हलतो.

उजेडासाठी हजार वॅटचा सनगन. तो धरायला एक पोरगा, त्याच्यामागे वायर सांभाळायला दुसरा. सनगनचा उजेड पिवळा, म्हणून आधी पांढऱ्या उपरण्यावर किंवा कागदावर कॅमेरा धरून व्हाइट बॅलन्स करायचा; नाही केला तर माणसंही हळदीच्याच रंगाची दिसतात. लाल शालूची तऱ्हा वेगळी. व्हीएचएसवर रंगाची नोंद चित्राच्या मानाने फार कमी बारकाईने होते, त्यामुळे लाल रंग कडेबाहेर पसरतो. नवरीमागे गडद पडदा असला तर ते कमी जाणवे, म्हणून आम्ही मांडववाल्याशी आधीच बोलून ठेवत असू.

मात्र या कॅमेऱ्याने गावासाठी केलेलं खरं काम लग्नातलं नव्हे. शिमग्याला नाचणारी पालखी, जाखडीच्या रात्री, पूजेला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी बसवलेलं नाटक, हे सगळं लग्नाच्या कॅमेऱ्याने टिपलं, कारण तालुक्यात दुसरा कॅमेराच नव्हता. आणि नाटक टिपायला गेलं की कळायचं, कॅमेरा डोळ्यांनी निवडतात तसा कानांनीही निवडावा लागतो. अंगचा माइक जवळचं आधी ऐकतो: जनरेटर, मांडीवरचं पोर, लाईटवाल्याचा खोकला. त्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. नट थांबला की कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी झाला, तो पातळी वाढवतो, आणि भावनेच्या ऐन विरामात जनरेटरची घरघर चढते. म्हणून बाहेरचा माइक लावायला जागा आहे का आणि कानाला लावून ऐकायची सोय आहे का, या दोन गोष्टी बघायच्या. खोक्यावर छापलेला शेकडो पटींचा डिजिटल झूम बघायचा नाही. भिंगाचा स्वतःचा झूम किती, तेवढंच विचारायचं. माइक स्टेजच्या कडेला, लांब वायरवर. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ वायर घेतली तर सिग्नल माइकच्या मानाने जोरकस असतो आणि आवाज फाटतो.

धंद्याच्या माणसाच्या हातून हौशी चित्रपट निघावा, ही मराठी मुलखाची जुनीच रीत आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, फोटोचा व्यवसाय करायचे. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून 21 गिनींना कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी बोटीने परत इंग्लंडला गेली. दादासाहेब फाळके यांनीही गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता. 1912 मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि आधी कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब थोडा थोडा टिपत त्याची वाढ पडद्यावर दाखवली. ती पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे राहिले. कॅमेरा हाती आला की पहिल्यांदा समोरची साधी गोष्ट नीट टिपून बघावी, ही शिकवण मला त्या कोंबात दिसते.

आमच्याकडच्या पोरांनी कथेची फिल्म करायची म्हटलं तेव्हा लग्नाचाच एम-7 मिळाला. संकलनाचं यंत्र नव्हतं, म्हणून प्रसंग गोष्टीच्या क्रमानेच घ्यायचे. एक शॉट झाला की कॅमेरा पॉजवर ठेवायचा. फार वेळ थांबलं तर टेप आणि हेड झिजू नये म्हणून कॅमेरा आपणच पॉज सोडतो आणि जोडावर पट्टा उमटतो. त्यामुळे पुढचा संवाद पाठ असल्याशिवाय कुणी उभंच राहायचं नाही. त्या शिस्तीने पोरं खूप शिकली.

मालेगावात शेख नासिर यांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. ते व्हिडिओ पार्लर चालवत. दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकले आणि 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांना घेऊन. ट्रॉलीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी. फैजा अहमद खान यांनी त्यांच्या पुढच्या फिल्मवर माहितीपट केला, तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक शूटिंगवाल्याने बघावा असा आहे.

मिनी-डीव्ही आल्यावर कॉपीमागे चित्र फिकं पडणं थांबलं, संगणकावर मिक्सिंग होऊ लागलं. तो काळ लवकर सरला. कार्ड आलं, मग फोन.

राहिल्या कॅसेटी. कोरी कॅसेट महाग, म्हणून गिऱ्हाइकाला प्रत दिली की मास्टर पुसून पुन्हा वापरायचा, असा धंद्याचा रिवाज होता. कितीतरी जाखडीच्या रात्रींवर लग्नं चढली, याचं मला फार दुःख आहे. उरलेल्यांना कोकणातली बुरशी खाते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली, त्यामुळे चालू मशीन जपून वापरावं लागतं. कुणी कॅसेट डिजिटल करायला आणली की आधी झडप उघडून बघतो. पांढरी बुरशी दिसली तर ती वेगळ्या मशीनवर, कारण हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. मग पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून टेप सैल करतो आणि त्यानंतरच चालवतो. रांगेत नाटकाच्या आणि जाखडीच्या कॅसेटी आधी घेतो. लग्नाची दुसरी प्रत सोयऱ्यांकडे कुठेतरी सापडते, नाटकाची नसतेच.