'बवंडर' आणि भटेरीची साथिन

जगमोहन मूंदडा यांचा 'बवंडर' हा चित्रपट 2000 साली आला. दिग्दर्शकाचा जन्म नागपूरचा, कारकीर्द अमेरिकेतल्या व्यावसायिक चित्रपटांत घडलेली. पण येथे त्यांनी मोठ्या निर्मितिसंस्थांचा आधार न घेता राजस्थानातील एक खरी कहाणी निवडली. नंदिता दास यांची सांवरी आणि रघुवीर यादव यांनी साकारलेला तिचा नवरा ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरणे कठीण. मात्र चित्रपटामागचा इतिहास त्याहून कठोर आहे.

जयपूरजवळच्या भटेरी गावच्या भंवरी देवी या कुंभार समाजातील स्त्री. 1985 पासून त्या राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून नाममात्र मानधनावर काम करीत. 1992 च्या मे महिन्यात गावातील एका प्रबळ घराण्यात नऊ महिन्यांच्या बालिकेचा विवाह ठरला. तो थांबविण्याचा त्यांनी प्रयत्न केला, आणि कुटुंबावर बहिष्कार पडला. त्यांची मडकी कोणी विकत घेईना. 22 सप्टेंबर 1992 रोजी नवऱ्यासोबत शेतात काम करीत असता त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला.

पुढची कथा अत्याचाराइतकीच व्यवस्थेची आहे. वैद्यकीय तपासणी व्हायला 52 तास लागले. पुरावा म्हणून घागरा ठाण्यात ठेवून घेतला गेला. नवऱ्याचे पागोटे गुंडाळून त्यांना परतावे लागले. 1995 च्या नोव्हेंबरात कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. उच्च जातीचा पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाही, अशा तऱ्हेचा तर्कही त्या निकालात होता. उच्च न्यायालयातील अपिलाची 2007 पर्यंत एकदाच सुनावणी झाली होती.

आमच्याकडे याला पूर्वपीठिका आहे. 1972 साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1983 ची कायदादुरुस्ती त्या चळवळीतून आली.

भंवरी देवींच्या निमित्ताने महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 च्या 'विशाखा' निकालाने कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 2013 मध्ये त्याचा कायदा झाला. त्या मार्गदर्शक सूचनांचे परिपत्रक आमच्या कचेरीत आले, तेव्हा आम्ही त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून ते फाईलला लावले. ज्या साथिनीमुळे ते आले, तीही आमच्यासारखीच शासनाचे काम करीत होती, शासनाचाच आदेश पाळताना एकटी पडली होती, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

'बवंडर' पाहताना ते आठवले. आम्ही लोक कायद्याचे कलम पाठ ठेवतो, ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांचे नाव मात्र विसरतो. भंवरी देवींनी गाव सोडले नाही, कामही सोडले नाही. देशभरच्या नोकरदार स्त्रियांना त्यांच्यामुळे संरक्षण मिळाले. त्यांना स्वतःला न्यायासाठी वाट पाहावी लागली. आपल्या लेकीसुना कचेरीत निर्धास्त बसतात, तेव्हा भटेरीच्या या कुंभारणीचे ऋण त्यांना आपण सांगितले पाहिजे.